जयसिंगराव सायकलस्वार सासुरवाडीच्या वेशीत कैद जाहले त्याची हकीकत

श्री मारुतीरायापुढे नारळ वाढवून, थोरामोठ्यांस नमस्कार करून लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सर, माघमास, हरभरा घाट्यात आलेला, ते समयी एक राज्य नांदत होते. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील माणसे हयात आहेत आणि भांडावयास उशीर करीत नाहीत. त्या राज्याची थोरली धनीण ठकूबाईसाहेब. शाळा दोन इयत्ता, परंतु जिभेस धार ऐसी की विळीने लाजावे. त्यांचे चिरंजीव जयसिंगराव, कुळीचे नेक, अंगाने धिप्पाड, अकलेने बेताचे. त्यांजपाशी एक हिरवी सायकल होती. घोड्यास होत नाही इतका खरारा तिला रोज सकाळी होत असे, आणि गुलाब मुलाणी व नेताजी कुंभार ऐसे दोन जिवाचे मित्र घेऊन ते दर बाजारादिवशी आडरस्त्यांनी शर्यत लावीत आणि दरवेळी पहिले येत. ऐसे असता एके दिवशी सूनबाई शालनबाई, काष्टा मारून, दळणाचा डबा मागे बांधून, त्या सायकलीवर स्वार होऊन गिरणीस गेली. माहेरी ती परकर नेसत होती तेव्हापासून चालवीत होती, तिला त्यात नवल नव्हते. परंतु गिरणीच्या दारात जयसिंगराव चारचौघांदेखत गरजले, "उतर खाली! माझ्या सायकलीला हात लावायचा न्हाई!" तेव्हा शालनबाई उतरली, सायकल भिंतीला नीट टेकविली आणि म्हणाली, "आता हिच्यासंगंच संसार करा. भाकरी बी हीच थापंल." आणि तैसीच पायी माहेरास चालती जाहली.

मग दोन्ही राज्यांत बोलणे तुटले. जयसिंगराव म्हणत, "आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल." विहीण गोजराबाई निरोप धाडीत, "जावई न्यायला आल्याबगर लेक धाडायची न्हाई." आणि ठकूबाईसाहेब दोहोंच्या मधोमध. लेकाची चूक आहे हे त्या जाणून होत्या, लेकास घरात तैसे चार वेळा सुनाविलेही होते, परंतु विहिणीच्या उंबऱ्यावर जाऊन ते कबूल करावे तर मान खाली जाते. दिवस गेले, पौष गेला, माघ लागला. घरात कोणी उलट बोलणारे राहिले नाही, आणि उलट बोलणारे नसले म्हणजे रागावण्यास चव येत नाही. लेक तर "व्हय आई, व्हय आई" इतकेच म्हणे, आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठे. तेव्हा ठकूबाईंनी मनाशी निश्चय केला आणि गुलाब व नेताजी यांस चहाचे निमित्ताने बोलावून माजघरात खलबत केले. म्हणाल्या, "ह्या बाजाराची शर्यत मी ठरवणार. वेशीपासनं निघायचं, कालव्याच्या पुलावरनं, माझ्या विहिणीच्या गावातनं, अन् माळाच्या वाटेनं माघारी." गुलाब म्हणाला, "काकू, तो त्या गावात पाऊल टाकायचा न्हाई." ठकूबाई म्हणाल्या, "त्याचं पाऊल पडू नये म्हणून तर सायकल हाय. पण त्या गावच्या वेशीत मारुती हाय, अन् कुठल्याबी मारुतीच्या पुढनं माझा लेक सायकलीवर बसून कधी गेलेला न्हाई. लहानपणी एकदा आपल्या मारुतीपुढनं गेला हुता, तवा मी त्याचा कान धरून वेशीपातूर माघारी नेला हुता. पारावर त्या गावचे समदे म्हातारे बसत्यात. तो उतरला की फशी पडला. तुम्ही मातूर उतरू नका, वरच्यावर नमस्कार करा अन् सुटा." दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि ऐसा सेनापती आपणांस आजवर का लाभला नाही, ऐसे त्यांस जाहले.

शर्यतीचे दिवशी जयसिंगरावांनी वाट ऐकिली आणि मोडता घातला. "त्या गावातनं न्हाई!" तेव्हा ठकूबाई म्हणाल्या, "बरं. गुलाब, हा भ्याला, तू जिंकलास, जा घरी." ऐसा शब्द जिव्हारी लागून जयसिंगरावांनी डोईस मफलर गुंडाळिला, नुसते डोळे उघडे ठेविले, आणि सायकलीवर टांग टाकिली. तिघे स्वार धूळ उडवीत निघाले आणि ठकूबाई वेशीतल्या दगडावर बसून राहिल्या. उन्हे डोक्यावर आली तेव्हा गुलाब एकटा येताना दिसला, घामाने निथळत, आणि आनंदाने ओरडला, "काकू, पयला आलो!" ठकूबाई म्हणाल्या, "तुझं राहू दे बाजूला. माझा कुठाय?" तो म्हणाला, "म्या मागं बघितलंच न्हाई. जन्मात एकदा पुढं हुतो!" मग बऱ्याच वेळाने नेताजी आला, त्याजला गुपचूप मागे थांबून पाहावयास ठकूबाईंनी मागाहून सांगितले होते, आणि त्याने खबर दिली ती ऐसी. "काकू, वेशीत कुणी वळखलं न्हाई त्याला. पण मारुती आला, अन् पाय आपसूक खाली. चपला काढल्या, हात जोडले, वर घंटा बी वाजवली! पारावरचा एक म्हातारा म्हणला, 'शर्यत सोडून देवापुढं उतरतोय, हे वळण ठकूबाईचं. धरा रं जावयाला!' अन् चौघांनी हँडल धरलं." हे ऐकून ठकूबाईंची छाती भरून आली, कारण शत्रूच्या मुलखात त्यांच्या वळणाची ओळख पटली होती. "मग?" "मग घरी नेला. घोंगडी टाकली, पाय धुवायला पाणी दिलं. तो म्हणतोय, 'मामी, शर्यत हाय, सोडा.' अन् शालनवयनी दारातनं म्हणाल्या, 'जाऊ दे की गं आई. सायकल खोळंबलीया त्यांची.' पुढचं मला ठावं न्हाई काकू, मला चहा पाजून वाटंला लावलं."

मग दिवस कलला. गुरे परतली. मित्र दोघे वाट पाहत राहिले, आणि ठकूबाईंच्या मनात आले की आपण पोटच्या पोरास फशी पाडिले, आणि तेथे त्याने तोंड वाकडे केले तर जे तुटत आले आहे ते कायमचे तुटेल. तेव्हा त्या दगडावर बसल्या जागी त्यांनी ठरविले की, एकटा आला तर उद्या ठेवणीतले लुगडे नेसून आपण स्वतः जावे, विहिणीपुढे मान खाली घालावी, आणि सुनेस हात धरून आणावे. मान काय, पुन्हा वर करता येते. ऐसा निश्चय होतो न होतो तोच माळावर घंटी वाजली. पाहतात तो सायकलीवर शालनबाई, काष्टा मारिलेला, पदर कमरेस खोचलेला, आणि मागून जयसिंगराव धावताहेत, खांद्यावर ओटीचे गाठोडे, काखेत भला मोठा भोपळा. तह ऐसा जाहला होता की, जयसिंगरावांनी भर अंगणात "चुकलो" म्हणावे, वाटभर सायकल तिने चालवावी, आणि वाट गिरणीच्या दारावरून असावी. तैसेच घडले होते. गुलाब ओरडला, "जयशा, हरलास!" जयसिंगराव धापा टाकीत म्हणाले, "हरलो गड्या. भोपळा धर." शालनबाई उतरली, ठकूबाईंच्या पाया पडली. ठकूबाईंनी दोन महिने रचून ठेविलेले बोल होते, एकाहून एक झणझणीत, परंतु आयत्या वेळी एकही सापडेना. मग इतकेच विचारिले, "काय करून घातलं विहीणबाईंनी?" शालनबाई म्हणाली, "पुरणपोळी. पण आत्याबाई, कटाच्या आमटीला तुमच्या हातची चव न्हाई." तेव्हा ठकूबाईसाहेबांनी त्या मुलखावर संपूर्ण फत्ते जाहली ऐसे मानिले, तोंड फिरवून डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "धूळ लई उडालीया. चला आत."

एकंदर मजकूर ऐसा. गुलाब मुलाणी पहिले, नेताजी कुंभार दुसरे, जयसिंगराव तिसरे आणि तेही पायी. परंतु हरून आलेला स्वार त्या रात्री जितक्या भाकरी जेवला तितक्या जिंकून कोणी जेवला नाही. लिहिले ते घडले तैसे लिहिले. ज्यास खोटे वाटेल त्याने ठकूबाईसाहेबांचे समोर येऊन बोलावे.