परबांची मात्रा

परब फाइल सेव्ह करत नाहीत, मात्रा देतात. "मात्रा दिलीस का?" हा प्रश्न ते आमच्या मरोळच्या भाषांतर कार्यालयात दिवसातून निदान दहा वेळा विचारतात. नव्याने रुजू झालेल्या मुलीने पहिल्याच दिवशी त्यांना, मला सर्दी वगैरे काही नाही, असं सांगितलं होतं.

खुलासा असा. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी एसच्या बटणावर मात्रा येते. म्हणून कंट्रोल आणि एस, म्हणजे सेव्ह, ही परबांची मात्रा. सीच्या जागी म, व्हीच्या जागी न. त्यामुळे कॉपी करून पेस्ट करणं म्हणजे 'मन लावणं'. शब्द शोधायचा तर 'पहिली वेलांटी', मजकूर कापायचा तर 'अनुस्वार'. झेडच्या बटणावर मराठीत कामाचं अक्षर नाही, म्हणून केलेलं रद्द करायचं ते 'मुकं बटण'. इंग्रजी नावं त्यांना येतात. वापरत नाहीत.

स्वतःचा माउस त्यांनी खणात टाकला आहे. दुसऱ्या कुणाचा हात माउसकडे गेला की म्हणतात, "उंदीर पाळतोस की काम करतोस?"

जेवणाच्या सुट्टीत नवी मंडळी त्यांच्याभोवती जमतात. माझ्याभोवती कुणी जमत नाही. परब येण्याआधी इथला सर्वांत जलद हात माझा समजला जायचा. एकदा मी चोरून वेळ लावली. एकाच नऊ पानी मसुद्याच्या दुरुस्त्यांना त्यांना बावीस मिनिटं लागली, मला एक्केचाळीस. पुढचे पंधरा दिवस मी घरी दार लावून मन लावण्याचा सराव केला. बायकोला वाटलं, प्राणायाम. एकोणचाळीसवर आलो.

त्याच सुमारास विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. निर्णय कामत मॅडम घेणार होत्या. मी अकरा वर्षं त्या खुर्चीकडे पाहत होतो. परबांना येऊन तीन झाली होती, आणि नाव त्यांचंच ऐकू येत होतं.

त्यांचं एकच वैगुण्य माझ्या हाती लागलं. दुपारी दोन-तीनदा त्यांचा फोन वाजायचा. ते जिन्यात जायचे आणि दबक्या मालवणीत धडे द्यायचे. "अनुस्वार नको गो, सगळा जातला. मुक्या बटनार बोट ठेव." मी मॅडमना कळवलं की परब कार्यालयाच्या वेळेत खासगी शिकवणी घेतात. कोण, कुठे, केव्हा, सगळं दिलं. का, ते माझ्याकडे नव्हतं.

मॅडमनी दोघांनाही आत बोलावलं आणि तक्रार कुणाची हे लपवलं नाही. परब माझ्याकडे बघून हसले. "शिकवणीच आहे. एकच विद्यार्थीण. बायको माझी."

साखरेच्या आजारात वहिनींची दृष्टी चार वर्षांपूर्वी गेली. त्याआधी त्या घाटकोपरला मराठी टायपिंग शिकवायच्या; सगळी अक्षरं बोटांना पाठ. आता त्या इमारतीच्या सोसायटीच्या चिटणीस आहेत. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंतची पत्रं स्वतः टाइप करतात, संगणक ती त्यांना वाचून दाखवतो. अडलं की नवऱ्याला फोन.

"बाण दिसत नाही तर माउस काय कामाचा तिला?" परब म्हणाले. "मग मीपण सोडला. आपण बघून करायचं आणि तिला तोंडाने सांगायचं, ते जमत नाही यार. घरी स्क्रीन लावतच नाही आम्ही. दोघंही न बघता शिकलो."

मॅडमनी त्यांना प्रमुखाच्या जागेबद्दल विचारलं. परबांनी लगेच नाही म्हटलं. प्रमुखाला आठपर्यंत बसावं लागतं, आणि त्यांना सहाला निघायचं असतं. दिवसभराची पत्रं वहिनी त्यांना ऐकवतात, ते शुद्धलेखनाच्या चुका काढतात, मग दोघं भांडतात. ते चुकवायचं नाही.

"याला द्या," माझ्याकडे बोट करून ते म्हणाले. "हात चांगला आहे याचा."

जागा मला मिळाली. काचेची केबिनही मिळाली. सहा वाजता परब पिशवी खांद्याला लावतात आणि जवळजवळ धावतच जिना उतरतात. मी काचेतून बघतो.

परवा सव्वासातला मी घरी फोन केला. उशीर होईल, असं सांगितलं. बायको म्हणाली, बरं. फोन ठेवल्यावर पडद्यावर बोलण्याचा वेळ आला. अकरा सेकंद.