मन्मथअप्पांची बोलकी कळशी

मन्मथअप्पांच्या दाराची कडी वाजवली की आतून त्यांचा आवाज यायचा, “थांबा, आलो.” आपण थांबायचो. पाच मिनिटांनी अप्पा आपल्या मागून, बाजारातून भाजीची पिशवी घेऊन यायचे आणि विचारायचे, “लई येळ झाला का येऊन?”

दाराच्या आतल्या बाजूला काडेपेटीएवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड होता. बोलायचा तो.

अप्पा लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे परिचर होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, अप्पा तारा डाखायची सोल्डरिंगची कांडी घेऊन बसले. मी त्यांच्या शेजारच्या घरात राहायचो. शाळेत शिकवतो म्हणून मला ते गुरुजी म्हणत.

त्यांचा सगळा राग ‘पीं पीं’ आवाजावर. “पीं पीं म्हंजे काय समजायचं, गुरुजी? चोर आला का चार्जिंग संपली? यंत्रानं मानसासारखं सांगावं.” म्हणून त्यांच्या घरातलं सगळं माणसासारखं सांगायचं. फ्रीज उघडा राहिला तर “दार लाव”, गॅसवरचं पातेलं तापलं तर “दूध उतू चाललंय”. एकदा बोर्डाच्या मेमरी कार्डातले हे आवाज मागेपुढे झाले. कॉलनीचे अध्यक्ष वर्गणीला आले, त्यांनी कडी वाजवली, आतून हाक आली, “दूध उतू चाललंय.” अध्यक्ष भला माणूस. चपला न काढता स्वयंपाकघरात धावले. तिथं दूधच नव्हतं.

हे सहज जमलेलं नव्हतं. आधी स्पीकर सरळ बोर्डाला जोडला, तर आवाज डब्यात कोंडलेल्या माशीसारखा यायला लागला. मग त्यांनी पुण्याहून नखाएवढा अँप्लिफायर मागवला. बोर्डातून तीन तारांवाटे आवाजाचे आकडे त्यात जायचे, स्पीकरातून बोलणं बाहेर पडायचं. पण आवाज चढला की बोर्डच बंद पडायचा. “थां” म्हणायचा, गप्प व्हायचा, पुन्हा “थां”. आठ दिवस भिंतीपलीकडून मी तेवढंच ऐकत होतो. स्पीकर एकदम जास्त करंट ओढतो नि बोर्ड उपाशी राहतो, हे अप्पांना सापडलं तेव्हा त्यांनी करंट साठवून ठेवणारा मोठा कपॅसिटर लावला आणि मला चहाला बोलावलं. म्हणाले, “आवाज मोठा करनं सोपं हाय. मोठा करून बी मानसाचा ठिवनं अवघड.”

त्याच वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं. नळ कोरडे पडले होते. टँकर कधी येईल त्याचा नेम नसे. टँकर आला की ओरडून सांगेल असं काहीतरी करा, म्हणून कॉलनीनं अप्पांना गळ घातली. अप्पा म्हणाले, आधी दुसरं एक काम हाय. लोकांना ते लागलं. एरवी रिकामा बसणारा माणूस गरजेला उपयोगी पडत नाही, असं लोक बोलले. मीही बोललो.

मग एका रविवारी त्यांनी मला चाकूरला सोबत येता का विचारलं. त्यांच्याकडे एक लाकडी पाट होता, खाली वजनकाट्याचं यंत्र बसवलेला, आणि एस.टी.त तो धरायला माणूस हवा होता. बसमध्ये लातूर तोडून नवा जिल्हा झाला तर चाकूर तालुका कुठं जाणार यावर दोघंजण भांडत होते. अप्पा पाटाला धक्का लागू देत नव्हते, आणि हळूहळू मला सांगत होते.

चाकूरला त्यांची थोरली बहीण होती, आक्का. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. साखरेच्या आजारानं तिची दृष्टी गेली, ऐकायलाही कमी येऊ लागलं. दुष्काळात चौथ्या दिवशी पिंपभर पाणी मिळायचं. आक्का तांब्यानं कळशी भरत होती, कळशी भरल्याचं कळलं नाही, पाणी सांडलं. सून रेखा वैतागून म्हणाली, आत्याबाई, तुमी पान्याला हात लावू नका. तेव्हापासून आक्कानं पाण्याला हात लावला नाही आणि कुणाकडे मागितलंही नाही. एक दिवस ती चक्कर येऊन पडली.

“आधी पीं पीं लावून बघितलं,” अप्पा म्हणाले. “तिला वाटलं, कुनाचा मोबाईल वाजतोय.”

मग त्यांनी बोलणारा पाट केला. कळशी त्यावर ठेवायची. वजन निम्मं झालं की पाट म्हणणार, “अर्धी झाली.” भरली की, “आक्का, बास.” महिन्यापूर्वी तो तिथं बसवलाही होता. पण रेखाचा फोन आला, मामा, यंत्र बिघडलंय, दिवसभर बोलायलंय. म्हणून हा दुसरा पाट.

घरी पोचल्यावर अप्पांनी जुना पाट उलटा केला, तारा तपासल्या, वजन ठेवून पाहिलं. बिघाड काहीच नव्हता. रेखा दारात उभी राहून बघत होती. मग तीच म्हणाली, “मामा, यंत्र ठीकच असंल. आत्याबाई एक तांब्या काढतेत नि परत वततेत. काढतेत नि वततेत. मला वाटलं, यंत्र सांगतंय म्हनून करतेत.”

आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिला ते ऐकू गेलं असावं. चोरी पकडल्यासारखी ती म्हणाली, “एक थेंब सांडला न्हाई, मनू. तुझा आवाज हाय त्येच्यात.”

अप्पांनी पाटाची बॅटरी काढली आणि खिशात टाकली. रिकामी कळशी पाटावर ठेवली, आक्काला हात धरून पिंपाजवळ आणलं, आणि स्वतः कळशीशेजारी मांडी घालून बसले. आक्का एकेक तांब्या ओतू लागली. कळशी निम्मी झाल्यावर अप्पा म्हणाले, “अर्धी झाली.”

आक्काचा हात थबकला. पाटाचा आवाज आणि माणसाचा आवाज, तिला फरक कळला. ती पुन्हा ओतू लागली, आता फार सावकाश. पाणी गळ्याशी आलं. अप्पांनी तोंड उघडलं, पण ‘बास’ काही म्हणाले नाहीत. रेखा पुढं झाली, तेवढ्यात आक्कानंच मनातल्या मोजणीवर तांब्या वरच्यावर धरला.

“म्हन की, मनू,” ती म्हणाली.

अप्पांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

संध्याकाळच्या एस.टी.नं मी एकटाच लातूरला परतलो.