डोकेदुखी आधी, दारू नंतर

या जूनपासून कुरणवाडीच्या दारू दुकानात दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी आदल्या दिवशीच सोसावी लागते. सरकार आणि दारू कंपन्यांच्या संघाने मिळून ही योजना आणली. खुर्चीत बसायचं, डोक्याला यंत्राचा पट्टा बांधून घ्यायचा आणि ठणका सोसायचा. जेवढा ठणका, तेवढीच दारू. लोक बेताने पिऊ लागले.

बाजीराव धुमाळांना मात्र ठणका सोसवेना. घरच्या कुणी सोसून सही दिली तरी चालत होतं, म्हणून त्यांनी बायकोला आणलं.

"अर्ध्या तासाचं तर काम आहे," ते म्हणाले.

"मग तुम्हीच बसा की," कौसल्याबाई म्हणाल्या आणि बसल्या.

निरीक्षक पाटोळ्यांनी पट्टा बांधला. यंत्राने ठणका द्यायला नकार दिला. पाटोळ्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

"बाई, तुमचा एकोणीस वर्षांचा ठणका आधीच जमा आहे. घेता का?"

"थेंबसुद्धा नाही. हे घेतात. सकाळी हे ताजेतवाने, आणि माझं डोकं फुटायला आलेलं."

"नेमकं कुठे दुखतं?"

"उजव्या भुवईवर."

पाटोळ्यांनी तसं लिहून घेतलं. "म्हणजे सोसून झालंय, प्यायचं राहिलंय. दुकानातला सगळा माल तुमचा. पुढच्या दोन वर्षांच्या गाड्यासुद्धा."

बाजीरावांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातलं पेन काढलं. "कर गं सही."

"नाही केली तर?" कौसल्याबाईंनी पाटोळ्यांना विचारलं.

"माल तुमच्या नावाने इथेच राहील. दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही."

रांगेत गलका झाला. "अहो वहिनी, आमचा काय गुन्हा? आम्ही तर स्वतः सोसलंय!"

"कौसे," बाजीराव हळूच म्हणाले, "निदान एक क्वार्टर."

एकोणीस वर्षांत ते इतक्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते. कौसल्याबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावून ते त्यांच्या खिशात परत खोचलं.

"दुकानाची किल्ली कुठे मिळेल, साहेब?"

पाटोळ्यांनी किल्लीच्या पोचपावतीवर सही घेऊन किल्ली दिली. दुकानात देखरेखीला बसलेल्या कंपन्यांच्या संघाच्या प्रतिनिधीने तिथूनच फोन लावून कळवलं की कुरणवाडीत समंजस मद्यपानाचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झालं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद दुकानासमोर गावातल्या बायकांची रांग लागली. पाटोळ्यांनी आणखी सहा खुर्च्या मागवल्या.