लाल हळद

वत्सलाची हळद गेली, हे रविंद्रच्या हळदीच्या दिवशी सकाळी कळलं.

घरामागे लावलेली हळद रविंद्रच्या आईने, वत्सलाने, स्वतः उकडली, वाळवली, दळली आणि डब्यात भरून ठेवली होती. "रविंद्राच्या अंगाला हीच लावायची," असं तिने नवऱ्याला, राघोला, बजावलं होतं. ती भाद्रपदात गेली. डबा राहिला. राघोने त्याला कोणाला हात लावू दिला नाही.

वैशाखात लग्न ठरलं. मांडवात रविंद्र पाटावर बसला, हातात लिंबू खोचलेली सुरी. राघोची बहीण बाईजा हिने डबा परातीत उपडा केला, स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा तांब्या आणला आणि पाणी ओतून कालवायला घेतलं. हळद लाल झाली. थोडीथोडकी नाही, कुंकवासारखी.

धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाणारी काशी मधेच थांबली. "बाईजा, लाल हळदीचा धवला मला येत नाय."

"वत्सला रुसली गो!" बाईजाने हात झटकले. "दादा, दुकानातली हळद आण."

"दुकानातली नाय लावायची," राघो म्हणाला आणि तिथेच खाली बसला.

तेवढ्यात राघोची नात कुणाली आतून ओरडत आली, "माझा तांब्या कोणी नेला?"

कुणालीची आई सारिका, राघोची थोरली सून, सुट्टीत पोरांना स्वयंपाकघरातच रसायनशास्त्र शिकवायची. त्यासाठी कुणालीने तांब्यात पापडखार विरघळवून ठेवला होता. तो दिसायला पाण्यासारखाच.

"आजोबा, हळद मेली नाय," कुणाली म्हणाली. "खारानं लाल होते, आंबटानं परत पिवळी. लिंबू द्या."

"काल मटणावर सगळी लिंबं संपली," सारिका म्हणाली.

कुणालीने इकडेतिकडे पाहिलं आणि काकाच्या सुरीवरचं लिंबू उपसलं.

"अगो, नवऱ्याचं लिंबू!" बाईजा किंचाळली. "नजर लागंल!"

"लागू दे," रविंद्र म्हणाला. "लाल तोंड घेऊन गेलो तर नवरी पळंल, त्याचं काय?"

कुणालीने परातीच्या कडेला लिंबू पिळलं. हळद फसफसली आणि तेवढाच भाग पिवळा झाला. राघो उठून परातीपाशी आला.

"अजून किती लिंबं लागतील गो?"

"माहीत नाय. पुष्कळ."

मग आळीतली बायामाणसं धावली. कोणी लिंबं आणली, कोणी झाडाची फांदीच आणली. कोणी लिंबाचं लोणचं आणलं, ते सारिकाने परत पाठवलं. सगळी मिळून पिळायला लागली तसा परातीत फेस चढला, काठावरून उतरला आणि रविंद्रच्या पाटाखाली गेला.

"नवऱ्याला हळद लावताय का आंघोळ घालताय?" काशीने विचारलं.

फेस बसला. खाली पिवळीधमक हळद होती. काशीने खाकरून धवला जिथे सोडला होता तिथूनच उचलला.

बाईजाने रविंद्रच्या गालाला हळद लावली. त्याने नुकतीच दाढी केली होती.

"आई गं! झोंबते गो आत्या!"

"झोंबंल. तुझ्या आईच्या हातची हाय."

सगळे हसले. राघोही हसला. वत्सला गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला, पण ते त्याला दुसऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. कुणालीने उरलेली हळद हाताला फासली आणि मागून येऊन त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पंजा उठवला.

लग्न पार पडलं, नवरी घरी आली. सारिका कपडे धुवायला बसली.

"बाबा, तो हळदीचा सदरा टाका."

राघोने सदरा आणून पुढे केला.

"साबण लावलास की लाल होणार," ओट्यावर बसलेली कुणाली म्हणाली.

राघोने हात मागे घेतला. "आणि मग?"

"मग लिंबू पिळायचं."

"आणि मग?"

"मग परत धुवायचा. धुवून धुवून जाईल कधीतरी."

"लिंबू हाय का घरात?"

"नाय. आळीतली पण संपली."

"मग राहू दे," राघो म्हणाला आणि सदरा खुंटीला लावला.

पुढच्या बाजाराला सारिकाने धसईहून पिशवीभर लिंबं आणली. त्यांचं सरबत झालं, लोणचंही झालं. सदरा अजून धुवायचा राहिला आहे.