जनीचा कौल

जनी धक्क्यावर उभी होती.

एवढं वाक्य झालं होतं. दिनानाथने ते तीन वर्षांपूर्वी लिहिलं, आणि तेव्हापासून जनी उभीच होती. आधीच्या सहा प्रकरणांत तिने भात लावलं, सासू सांभाळली आणि नवऱ्याची वाट पाहिली. नवरा सदू मुंबईत दुसरी बाई करून राहिला होता. आता त्याचं एक अंग लुळं पडलं, दुसरी निघून गेली आणि जनीला निरोप आला, ये. ती पिशवी घेऊन दिघीच्या धक्क्यावर आली. समोर लाँच लागलेली. आता चढायचं, की मागे फिरायचं?

दिनानाथला माहीत नव्हतं. त्याने तिला लाँचमध्ये बसवून पाहिलं, तर पानं खोटी वाटली. घरी परत पाठवून पाहिलं, तीही खोटी वाटली. पानं फाडली गेली आणि जनी पुन्हा धक्क्यावर आली.

शेवटी तो ठाण्याचं घर बंद करून म्हसळ्याजवळच्या आपल्या गावी आला. येताना वाटेत बायकोला म्हणाला, "कमळ, तिथेही नाही हललं, तर मी लेखणी खाली ठेवणार. कायमची."

"मग दिवसभर काय करणार?"

"घरात असेन."

कमळला नेमकी याचीच भीती होती. मागे एकदा त्याचं लिहिणं थांबलं, तेव्हा फोडणीत मोहरी आधी की जिरं आधी, हे तो तिला आठवडाभर समजावत होता.

*

गावात तो ओटीवर बसला. हातात पेन, मांडीवर कागद, नजर समोरच्या फणसावर. खेड्यात माणूस असा बसला की त्याला कुणी लेखक म्हणत नाही. शेजारच्या घरातला चुलतभाऊ भागोजी काही दिवस येता-जाता बघत राहिला. भागोजी वयाने मोठा, गावकीचा अध्यक्ष. एक दिवस तो अंगणातच थांबला.

"कमळ, ह्याला काय झालंय? फणसाला बी लाज वाटाय लागली आता."

"अडकलंय, दादा."

"काय अडकलंय?"

"पुस्तक."

भागोजीला ते लगेच समजलं. गावात गोष्टी अडकतातच. बोअरला पाणी लागत नाही, सोयरीक जमता जमत नाही. अडकलं की गावकी बसते, नारळ निघतो आणि चंदर गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नको.

"मग इचार की देवीला," भागोजी म्हणाला. "माझ्या शिवानीच्या स्थळाचा कौल लावायचाच हाय. पन तू पावणा. तुझा आदी."

दिनानाथ हसणार होता. पण तीन वर्षांत त्याला कुणी आपला नंबर दिला नव्हता. तो हो म्हणाला.

*

"देवीला प्रश्न सरळ लागतो," चंदर गुरव म्हणाला. "पुस्तक व्हईल का, असलं न्हाय चालत. एक मानूस, एक काम."

"जनीने लाँचमध्ये चढावं का?"

"कोन जनी? कुनाच्या घरातली?"

"कुणाच्याच नाही. मी रचलेली आहे." दिनानाथने तिची सगळी गोष्ट सांगितली.

चंदरने कळ्या ताटात परत ठेवल्या. "मग न्हाय. देवी आपल्या शिवेतल्या मानसाचं बघती. बाहेरच्याचं त्याच्या गावची देवी बघंल."

"तिला गाव नाही दिलेलं."

देवळात मागे बसलेल्या बायकांतून एक "अरेरे" आलं. सदूचं लफडं त्यांनी निमूट ऐकून घेतलं होतं. पण बाईला गावच नाही, हे कुणालाच बरं वाटलं नाही.

"आमच्या घरात लावा तिला," भागोजी म्हणाला. "सून म्हनून. एक मानूस वाढला तर काय ओझं व्हतंय?"

कुणाची हरकत नव्हती. जनी भागोजीच्या घरातली सून झाली. मागोमाग सदूलाही गावात घ्यावं लागलं, आणि तिथे भानगड झाली. गावाची अर्धी माणसं मुंबईकडे असतात. त्यांचं मंडळ वेगळं, आणि त्यांना विचारल्याशिवाय गावकी पान हलवत नाही. फोन लागला, स्पीकरवर ठेवला. मंडळाचा सेक्रेटरी हितेश कळंबोलीहून बोलत होता.

"एक मिनिट, दिनाकाका. सदू आमचा मेंबर झाला ना आता? मग त्याची बाजू कोणी ऐकली?"

"त्याने बायकोला टाकलं, हितेश."

"ते झालं. पण सहा चॅप्टरमध्ये माणूस एकदा तरी बोलला का?"

दिनानाथने आठवून पाहिलं. सदू एकदाही बोलला नव्हता.

"मग हे वन साइड आहे. मंडळाचं ऑब्जेक्शन आहे, लिहून घ्या."

"आन मी काय म्हनतो," चंदर गुरव म्हणाला, "ती दिघीला गेलीच कशाला? म्हसळ्यावरनं मुंबईची सरळ एसटी हाय."

"मला तिथे समुद्र हवा होता."

"तुला हवा व्हता. तिला पायजे व्हता का?"

दिनानाथच्या पहिल्या दोन कादंबऱ्यांची पुष्कळ परीक्षणं आली होती. इतकं कसून कुणी वाचलं नव्हतं. आणि इथे तर कुणी वाचलंच नव्हतं.

चंदरने गाऱ्हाणं घातलं. "बाय माजे, हे तुजं लेकरू जनी. धक्क्यावर उभं हाय. चढू का फिरू, काय ते उजवं-डावं सांग." कळ्या लावल्या. सगळे टक लावून बसले.

एरवी चहा होईपर्यंत कळी पडते. चहा झाला. दुसरा झाला. देवळाच्या दारातलं ऊन पायरीवरून खाली उतरलं. कळ्या जिथल्या तिथे.

चंदरने कपाळावरचा घाम पुसला. "देवी बी अडकली," तो हळूच म्हणाला.

दिनानाथला फार बरं वाटलं. आपल्याला कुणीतरी समजून घेतलंय असं वाटलं.

पण त्याला गावाचा नियम माहीत नव्हता. एक कौल लागलेला असताना दुसरा लावायचा नाही. बोअरची जागा थांबली, पालखीचा नवा दांडा थांबला, शिवानीचं स्थळ थांबलं. जनी हलली की मग बाकीचं.

*

जनी धक्क्यावर उभी होती. पिशवीत भाकरी होती.

भाकरी चंदरच्या बायकोच्या सांगण्यावरून आली होती. उपाशी बाई काय ठरवणार, असं ती म्हणाली होती. आता रोज कुणी ना कुणी अंगणात थांबत होतं.

"हलली का?"

"अजून नाही."

"मागनं ढकल की जरा."

जनी धक्क्यावर उभी होती. पिशवीत भाकरी होती. डोक्यावर छत्री होती.

हितेशचे व्हॉइस मेसेज येत. मंडळात दोन पार्ट्या झाल्या होत्या. एक म्हणत होती, सदूला आधी चांगल्या हॉस्पिटलात टाका. दुसरी म्हणत होती, असल्या माणसाला मेंबर कुणी केला?

जनी धक्क्यावर उभी होती. पिशवीत भाकरी होती. डोक्यावर छत्री होती. ऊन नव्हतं.

भागोजी सगळ्यांत शेवटी यायचा. तो हलली का असं विचारत नसे. नुसता ओटीच्या कडेला टेकायचा. एक दिवस म्हणाला, "स्थळवाले थांबत न्हाईत, दिना. मुलगा म्हसळ्यात दुकान चालवतो. बरं घर हाय. माझी पोर तुझ्या बाईपायी अडकली."

दिनानाथने मान खाली घातली. त्याला घास गोड लागेना. आता नुसती कादंबरी नाही, एका मुलीचा संसार त्याच्या एका वाक्यामागे तुंबला होता.

धीर दिला तो फक्त त्या मुलीनेच. शिवानी पनवेलला नोकरीला होती, या स्थळासाठीच रजा काढून आली होती. ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही बिलकुल घाई करू नका हां. आर्टला टाइम लागतो."

"अख्ख्या गावात साहित्याची जाण त्या एकट्या पोरीला आहे," दिनानाथ जेवताना म्हणाला.

कमळने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "हो का," ती म्हणाली आणि भात वाढला.

दुसऱ्या सकाळी तिनेच त्याच्या हातात छत्री दिली. "फणसाकडे बघून ती हलायची नाही. आज दिघीला जाऊन या. धक्का बघा, बोट बघा."

*

धक्क्यावर आगरदांड्याला जाणारी फेरीबोट लागत होती. टेम्पो, मोटारसायकली, माणसं. त्यांच्यात तोंडाला ओढणी बांधलेली एक मुलगी बॅग घेऊन उभी होती. दिनानाथ तिच्याकडे लेखकाच्या नजरेने बघत राहिला. मुलीने ओढणी खाली केली.

"काका? तुम्ही इकडे?"

"शिवानी! तू कुठे निघालीस?"

शिवानीने आजूबाजूला पाहिलं आणि एका दमात सांगितलं. "पेणला. प्रणयकडे. माझ्याच ऑफिसात आहे. आगरी आहेत ते. आधी मिठागर होतं, आता ट्रक आहेत. पप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी म्हसळ्याच्या मुलाचा कौल लावला असता, आणि उजवा पडला असता तर मी काय करणार होते? तुमच्या जनीने देवीला बिझी ठेवलं, म्हणून रजिस्टर लग्नाच्या नोटिशीचे दिवस पुरे झाले. थँक्यू, काका."

दिनानाथच्या तोंडातून जे आलं ते लेखकाचं आलं. "पण दिघीवरून कशाला? म्हसळ्याहून सरळ एसटी आहे."

"म्हसळा स्टँडवर अर्धं गाव असतं! इकडे कोण ओळखणार? म्हणजे, तुम्ही सोडून."

तो तिथल्याच एका दगडावर बसला. बाई धक्क्यावर का येते, ते त्याला आत्ता कळलं.

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना."

"मग जायचं हे ठरवलंस कधी?"

"तसं काही ठरवलं नाही हो. आता बोट लागली की मागचे लोक ढकलतात, चढावंच लागतं." तिने बॅग त्याच्या हातात दिली. "जरा धरा. तिकीट काढून येते."

बॅग जड होती. दिनानाथ ती धरून उभा राहिला. भागोजीदादाने आपला नंबर त्याला दिला होता, आणि त्याच भागोजीदादाची मुलगी आता तिकीट काढत होती. बॅग परत द्यावी की न द्यावी? हा प्रश्न तीन वर्षं पुरला असता. पण शिवानी आली, तिने हातातून बॅग घेतली, मागून एक टेम्पो हॉर्न देत आला, आणि ती बोटीवर होती.

"पप्पांना पोचल्यावर मीच फोन करते!" ती कठड्यावरून ओरडली.

*

घरी आल्यावर तो कमळला म्हणाला, "शिवानी गेली."

"डबा विसरली नाही ना?" कमळने विचारलं. मग ती आत गेली, आणि त्यानेही पुढे काही विचारलं नाही.

तो ओटीवर बसला आणि सातवं प्रकरण एका बैठकीत लिहून काढलं. छत्री काढली, भाकरी ठेवली. जनीने काही ठरवलं नाही. मागून माणसं आली, आणि ती चढली. लाँच सुटल्यावर तिला घाबरायला वेळ मिळाला. पलीकडे सदू होता, आणि या वेळी तो बोलला.

शेवटचा पूर्णविराम दिला तेव्हा अंगणात भागोजी उभा होता. हातात फोन होता. चेहऱ्यावरून कळत होतं की पेणहून फोन आलाय.

गावकी बसली.

"जनी गेली का?" चंदर गुरवाने विचारलं.

"गेली."

"कवा?"

"आज."

"आन शिवानी?"

"तीपण आज. मी होतो तिथे. मी अडवलं नाही."

चंदर उठून गाभाऱ्यात गेला आणि परत आला. कळ्या वाळून दोन्ही खाली पडल्या होत्या. आधी कुठली पडली, हे बघायला कुणी नव्हतं.

मग सगळे एकदम बोलू लागले. ह्या रचलेल्या बाईच्या नादानं गावची पोर गेली, घरात असली बाई ठेवायची न्हाय, नाव काढून टाका. हितेश फोनवरून म्हणत होता की नवऱ्याचं ठेवून बायकोचं कसं काढणार, मंडळाचं ऑब्जेक्शन आहे. दिनानाथ मान खाली घालून बसला होता. नाव काढलं तर ते योग्यच होतं.

भागोजीने हात वर केला. आवाज थांबले.

"एका दिवसात दोन गेल्या माझ्या घरातनं," तो म्हणाला. "नावं तरी ऱ्हाऊ द्या."

*

त्यानंतर भागोजी दोन-चार दिवस ओटीकडे फिरकला नाही. दिनानाथ आठवं प्रकरण काढून बसत होता. जनी पलीकडे पोचली होती. पुढे काय, ते त्याला सुचत नव्हतं.

मग एका सकाळी भागोजी आला आणि ओटीच्या कडेला टेकला. कमळने न विचारता चहा आणून ठेवला.

"मंग?" तो म्हणाला. "ती परत येती का?"

"अजून लिहिलं नाही, दादा."

"येऊ दे की."

"बघतो. सुचायला हवं."

"सुचंल. मी बसतो हितं." भागोजीने बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. "एकटी नको. दोघं येऊ देत."

"सदूचं अंग लुळं आहे, दादा. त्याला उठता येत नाही."

"मग बरा कर त्याला. तुझ्याच हातात हाय ना?"

भागोजी फणसाकडे बघत होता.

"आन दिना, वार बघून आण. सोमवार नको धरू. आगरी मानूस, मासळीबिगर जेवनार न्हाय. पहिल्यांदा येतोय. उपाशी उठला असं नको व्हायला."

सदू आगरी नाही, तो आपल्याच गावचा आहे, हे दिनानाथने सांगितलं नाही. त्याने कागद पुढे ओढला आणि लिहिलं: रविवार होता.