डंकनरावांच्या हिशेबाने

लाखेकाकांना कधीही साल विचारू नये. ते साल सांगत नाहीत, डंकनराव सांगतात.

एकदा मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले होते. तिथल्या नर्सने विचारलं, पित्ताशयाचं ऑपरेशन कधी झालं? काकांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "सांग तिला, डंकनरावांनी केसांचा टोप काढला नं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात." हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला आजतागायत सुचलेलं नाही. मी आपलं अंदाजाने एक साल ठोकून दिलं. गाडीत बसल्यावर काका गंभीरपणे म्हणाले, "चुकलं तुझं, वृषाली. तू सांगितलं त्या वर्षी ते बर्फात होते. माझं पित्ताशय शाबूत होतं."

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमच्या आणि लाख्यांच्या टाउनहाउसची भिंत एकच आहे. काका-काकू नागपूरहून मुलाकडे, मंदारकडे, कायमचे राहायला आले, तेव्हा डंकनराव म्हणजे त्यांच्या टेलिफोन खात्यातले कोणी वरिष्ठ असावेत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. "डंकनरावांचा पडेल काळ होता तेव्हा आमची चंद्रपूरला बदली झाली," असं कोणी म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? मग एका दुपारी भिंतीपलीकडून तोफांचे आवाज यायला लागले. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. मी तणतणत जाऊन बेल वाजवली, तर काकांनी मला सोफ्यावर बसवलं, हातात चिवड्याची वाटी दिली आणि टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे डंकनराव."

डंकनराव जहाजाच्या डोलकाठीवर उघडेबंब चढले होते. स्कॉटलंडचे सिनेनट. आडनाव मला विचारू नका, काकांनी ते कधी उच्चारलेलं नाही. मी चुकून "इंग्लिश अ‍ॅक्टर का?" असं विचारलं, तर काकांनी चिवड्याची वाटीच परत मागितली. "इंग्लिश नाही, स्कॉटिश! मला कोणी पुणेकर म्हटलं तर चालेल का?"

तर डंकनरावांची कारकीर्द काकांच्या तोंडून ऐकावी. पहिलं पिक्चर दीपस्तंभाचं, त्यात अगदी लहान काम. दुसरं जहाजाचं, त्यात हिरो. मग बर्फाच्या डोंगराचं. मग पडेल काळ. तेव्हा जे केलं ते आपटलं. मग एक दिवस त्यांनी टोप काढून फेकला, आहे त्या टकलाने जज्जाचं काम केलं आणि जगाने तोंडात बोट घातलं. मग म्हाताऱ्या मास्तरच्या भूमिकेला ते मोठं बक्षीस. आणि शेवटी सगळं सोडून कुठल्याशा बेटावर मेंढ्या पाळायला गेले. पिक्चरची खरी नावं काका घेतच नाहीत. लग्न, नोकरी, घर, आजारपण, सगळं या खुंट्यांना टांगलेलं. आमचा मंदार झाला तो बर्फात. घर बांधलं ते जज्ज झाल्यावर. अमेरिकेला आलो ते मेंढ्यांनंतर.

काकांच्या या वेडापुढे मंदारने हात टेकले होते. "बाबांना कोणी विचारलं, आज वार कोणता, तरी ते डंकन सांगतील," असं तो म्हणायचा. आमच्या मराठी मंडळातले लोक तर मुद्दाम छेडायचे. "काका, स्नो कधी थांबणार, डंकनराव काय म्हणतात?" काका हसून घ्यायचे. "डंकनरावांच्या हिशेबाने" हे आता आमच्या घरातही चालतं. एखादं काम रखडलं की नवरा मला विचारतो, डंकनरावांच्या हिशेबाने कधी होणार?

गंमत म्हणजे या माणसाला डंकनरावांचं इंग्रजी ओ की ठो कळत नाही. हे मला काकांनीच सांगितलं. त्यांना इंग्रजी वाचता-लिहिता येतं, पण तो स्कॉटिश उच्चार सुरू झाला की सगळं डोक्यावरून जातं.

"मग एवढी पिक्चरं पाहिलीत कशी?"

"पाहिली कुठे? ऐकली." आणि त्यांनी आत देवघरापाशी बसलेल्या काकूंकडे मान वळवली.

निर्मलाकाकू इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या. पोह्यांच्या कार्यक्रमात काकांच्या आत्याबाईंनी विचारलं, मुलीला आवड कशाची? भरतकाम, रांगोळी असं काहीतरी ऐकायची तयारी होती. मुलगी म्हणाली, "इंग्रजी सिनेमाची. त्यातून त्या डंकनची." आत्याबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. काकांनी मात्र आपली बशी चाटूनपुसून संपवली आणि लग्न ठरलं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी दोघं नागपुरात सदरच्या थेटरात मॉर्निंग शोला गेले. जहाजाचं पिक्चर. काका काहीच न कळून पडद्याकडे बघत बसले होते. तेव्हा काकू कानाशी वाकून म्हणाल्या, "तुम्हाला त्याचं इंग्रजी कळत नसेल, तर मी सांगत जाईन. पण मध्ये बोलायचं नाही."

"आणि तीन तास ती माझ्या कानात बोलली बघ," काका म्हणाले. "घरी आई, आत्या, दोन भाऊ. घरात बायकोशी बोलायची सोय नव्हती तेव्हा. थेटरात तेवढी होती. मग डंकनरावांचं एकही सोडलं नाही आम्ही. चंद्रपूरहून एसटीने यायचो. ते पडदाभर ओरडून राहायचे आणि निर्मला इकडे कानात सांगून राहायची. मला त्यांचा आवाज आठवतच नाही. हिचाच आठवतो."

भिंतीपलीकडे दुपारी डंकनराव लागायचे, ते रोज लागायला लागले. डिस्क लायब्ररीतून यायच्या आणि त्या आणायला काका माझ्या गाडीतून यायचे, कारण मंदार कामासाठी सारखा बाहेरगावी. एकदा मी म्हटलं, "काका, तुम्ही ते पहिलं, दीपस्तंभवालं कधीच नाही आणत. घरबसल्या मिळेल, लावून देऊ का?"

"ते नको," काका एकदम म्हणाले. "पहिलं नाही पाहायचं."

एवढ्या भक्ताने पहिलंच पिक्चर पाहिलेलं नाही, हे काही मला पटेना. मी खोदून विचारत राहिले. सिग्नलला गाडी थांबली होती. काका मांडीवरच्या डिस्कवरून हात फिरवत राहिले आणि मग त्यांनी सांगितलं.

काकूंचं विसरणं मला माहीत होतं. चहात दोनदा साखर पडायची, मला कधी वृषालीऐवजी वैशाली म्हणायच्या. ते कितपत आहे हे माहीत नव्हतं. काका म्हणाले, "साल विचारलं की ती घाबरते गं. मंदार कधी झाला म्हटलं की नुसते ओठ हलतात. पण 'बर्फातलं पिक्चर चाललं होतं, तू मध्येच उठली, आपण सायकल-रिक्षा केली,' एवढं म्हटलं की पुढचं सगळं ती सांगते. रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत, तेसुद्धा. मग मी डंकनरावांच्या हिशेबानेच बोलायला लागलो. तिच्याशी एक बोलायचं आणि बाकीच्यांशी दुसरं, हे मला जमत नाही. म्हणून सगळ्यांशीच."

इतके दिवस आम्ही ज्याला खूळ समजून हसत होतो, ते हे होतं. मला स्वतःचा राग आला आणि मंडळातल्या सगळ्यांचाही आला.

"पण वरून खाली चाललंय ते विसरणं," काका पुढे म्हणाले. "आधी मेंढ्या गेल्या. मग बक्षीस गेलं. दिवाळीपर्यंत जज्ज होता, आता विचारलं तर म्हणते हा टकल्या कोण? बर्फ असतो कधी, कधी नसतो. नसतो त्या दिवशी मंदारला 'आपण कोण' विचारते. मग तो बिचारा कामाला निघून जातो, बाहेरगावी. मी त्याला काय म्हणू? त्याच्याने बघवत नाही."

"आणि त्याच्याखाली?"

"जहाज. जहाजात मी आहे." काका म्हणाले. "पहिल्यात मी नाही नं, वृषाली. ते तिने कॉलेजात असताना पाहिलं, मैत्रिणींसोबत. मी तेव्हा कोण? कोणीच नाही. जहाज गेलं की मी गेलो."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नव्हता.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडे तोफा सुरू झाल्या की मी मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करायचे आणि ऐकत राहायचे. जहाज लागलंय, म्हणजे आज ठीक आहे. काका रोज जहाजच लावत होते. माणसाने पुराला बांध घालावा तसं ते पिक्चर लावत होते.

संक्रांतीनंतर माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत पैठण्या. पुरुषमंडळी तळघरात फुटबॉलची मॅच बघत बसलेली. काका मात्र काकूंचे बर्फातले बूट मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले होते. काकू छान दिसत होत्या. जांभळी साडी, नीट घातलेला अंबाडा. तो काकांनी घातलेला होता, हे मला ठाऊक होतं. तिळगूळ झाला, वाण झालं आणि कोणीतरी टूम काढली, नाव घ्या. दोघीतिघींनी घेतली. मग सगळ्या काकूंच्या मागे लागल्या. मी मध्ये पडायला गेले, तर काकांनी पायरीवरूनच मला हाताने थांबवलं. त्यांना ऐकायचं होतं.

काकू उठल्या. पदर सावरला. आवाज अगदी खणखणीत:

"खिडकीबाहेर बर्फ, पातेल्यात उकळतो चहा..."

बायका "अहाहा" म्हणाल्या. काकू थांबल्या. पुढचा शब्द त्या खोलीभर शोधत होत्या. माझ्याकडे पाहिलं, कुंकवाच्या करंड्याकडे पाहिलं, पायरीवर बसलेल्या काकांकडेही पाहिलं आणि नजर तशीच पुढे गेली. मग चेहरा उजळला.

"डंकनरावांचं नाव घेते, सगळ्यांनी ऐकत राहा!"

घर हसण्याने दणाणलं. टाळ्या, शिट्ट्या. खालून पुरुष विचारायला आले, काय झालं? आणि सगळ्यात मोठ्याने काका हसले. "बरोबर आहे, बरोबर आहे! दिसायला बरे आहेत ते माझ्यापेक्षा!" एक जण हसतहसत म्हणाली, "काकू, आता काकांचं घ्या ना!"

"कोणते काका?" काकूंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

हसणं थांबलं. कोणीतरी घाईघाईने चहाचा विषय काढला. निघताना काका गुडघ्यावर बसून काकूंच्या पायात बूट चढवत होते. काकू परक्या माणसाने उपकार करावेत तशा संकोचून म्हणाल्या, "राहू द्या हो, तुम्ही कशाला?" काकांनी बुटाची चेन लावली आणि वर न बघता मला म्हणाले, "जहाज गेलं, वृषाली." मला रडू आवरेना. मी तिळगुळाचा डबा घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात पळाले.

नंतर आठवडाभर भिंत गप्प होती. तोफा नाहीत, डंकनराव नाहीत. इतकी शांतता मला सहन होईना. शनिवारी दुपारी काकाच दारात आले. बर्फ झटकला आणि म्हणाले, "ते दीपस्तंभवालं लावून देशील का गं?"

मी लगेच त्यांच्याकडे गेले. त्यांच्या टीव्हीवर शोधून लावून दिलं. काळंपांढरं, खरखरीत चित्र. काकू सोफ्याच्या एका टोकाला बसल्या होत्या. काका रोज चिकटून बसायचे. आज ते मधली एक जागा सोडून बसले, थेटरात अनोळखी बाईशेजारी बसावं तसे. मी निघणार, तेवढ्यात पडद्यावर कोवळ्या डंकनरावांनी दार उघडलं, हातात कंदील घेतला आणि काहीतरी बोलले. काकूंच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी निघायची थांबले. काका मात्र चष्मा नाकावर सरकवून, कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत होते. ते पिक्चर ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते आणि त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

काकूंनी एकदा या शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग मधल्या जागेवर सरकल्या आणि त्यांच्या कानाशी वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला त्याचं इंग्रजी कळत नसेल, तर मी सांगत जाईन. पण मध्ये बोलायचं नाही."

काकांनी मान हलवली. मध्ये बोलायचं नव्हतं, म्हणून ते काही बोलले नाहीत. काकू सांगत राहिल्या.

पिक्चर संपल्यावर काका मला दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा हसरा होता.

"ह्यात मी नव्हतो," ते म्हणाले. "आता आहे."