दत्तूकाकांचे परदेशी पितर

अन्याय झाला आहे तो दत्तूकाका टोकेकरांवर. गेल्या रविवारी, संध्याकाळी सव्वापाच वाजता, फ्रीगंजमधल्या वाचनालयाच्या हॉलच्या दारात. आमच्या फिल्म सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे इंग्रजीचे प्रोफेसरसाहेब, त्यांना म्हणाले, "आजपासून तुम्ही येऊ नका." गुन्हा काय? सर्वपित्री अमावास्येला काकांनी रामघाटावर पोलंडच्या एका खाणकामगाराला तिलांजली दिली.

हो, सिनेमातल्या.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले. आमच्या रिळांचे डबे पार्सलनेच यायचे. ते सोडवता सोडवता त्यांना चटक लागली. बाकी आम्ही सगळे वहीत दिग्दर्शक, कॅमेरा, प्रकाशयोजना लिहून घेतो. काकांच्या वहीत फक्त मेलेली माणसं. "जपानी नावाडी. बुडून. मागे एक मुलगी." डायरेक्टर कोण विचारलं तर म्हणतात, "कोणी का असेना भिया, तो जिवंत आहे ना?"

पडद्यावर कोणी गेलं की काका चपला काढून उभे राहतात. तेही पहिल्या रांगेत. मागून प्रोफेसर ओरडतात, "बैठ जाइए, सबटायटल नहीं दिख रहे!"

काका वळून सांगतात, "साहेब, गेला तो. आता काय वाचता?"

यंदा मी त्यांच्यामागोमाग घाटावर गेलो तो भांडायला. मी श्राद्ध मानत नाही. या विषयावर माझी तीन पत्रकं आहेत. तिसऱ्याच्या घड्या काकांनीच घालून दिल्या होत्या. पंडितजींनी विचारलं, "गोत्र?"

"माहीत नाही. पोलंडचे आहेत."

"तो काश्यप बोल देते हैं. नाम?"

"नाव कठीण आहे, पंडितजी. खाणीत काम करत होते, असं म्हणा."

पंडितजींनी तसं म्हटलं. संस्कृतात. भांडायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

ही बातमी प्रोफेसरांपर्यंत पोचली. "जगात आपलं हसं होईल," म्हणाले. जगात! देशाची दारं उघडली म्हणून रोज पेपर भरून येतात, आणि आमच्या हॉलचं दार एका म्हाताऱ्याला बंद. त्यांची एक तक्रार मात्र खरी आहे, काकांमुळे मागच्यांना दिसत नाही. पण पडद्यावर कोणी गेलं की मागच्या रांगेतल्या बायका आताशा स्वतःच उभ्या राहतात, त्यांना कोण बसवणार?

परवा मी नानाखेड्याला काकांच्या घरी गेलो. एकटेच राहतात. पुतण्याने केबल लावून दिलीय. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "काका, सोसायटीवाचून काय अडलंय? आता घरबसल्या साऱ्या जगाचे सिनेमे दिसतात."

"बघितला ना एक, मंगळवारी. बढिया होता. शेवटी म्हातारी गेली. मी उभा राहिलो. इकडे तिकडे बघितलं, तर मी एकटाच. मग बसावं की नाही, समजेना."

काकांनी वही उघडली आणि तशीच मिटली.

"ती गेल्याचं मला एकट्यालाच माहीत, भिया. असं कसं चालेल? कोणाला सांगू?"

म्हातारीची नोंद त्यांनी वहीत अजून केली नव्हती. "रविवारी सगळ्यांना सांगतो, मग लिहितो," म्हणाले. दारातून परत पाठवलेला माणूस, आणि रविवार त्याने अजून सोडलेला नाही!

तर, येत्या रविवारी पाच वाजता सभासदांची बैठक आहे. काकांना परत घ्यायचा ठराव मी मांडतोय, आणि मागची रांग आमच्या बाजूने आहे. पण तेवढ्याने भागत नाही. तुम्ही सभासद असाल तर या आणि हात वर करा. "बिचारे काका" म्हणत घरी केबल बघत बसू नका. सभासद नसाल तर हॉलच्या दारात थांबा, आणि काका आले की त्यांना आत घेऊन या.